किनाऱ्याला लागलेले गादे, भुलगे आणि देवमासे : आधी नोंद, मग जेसीबी

खारवट (धागाकर्ता)

पावसाळ्यात नैऋत्येचा वारा धरला की आमच्या दापोली-मंडणगडच्या किनाऱ्यावर काय काय येऊन पडतं, ते किनाऱ्यावरच्या मंडळींना सांगायला नको. डांबराच्या गोळ्या, तुटकी जाळी, थर्माकोल, जगभरच्या चपला, आणि अधूनमधून मेलेला गादा (हंपबॅक डॉल्फिन) नाहीतर भुलगा (पॉरपॉइज, डॉल्फिनचा छोटा भाईबंद). मोठा देवमासा लागला तर टीव्हीवाले येतात. गादा लागला तर कुत्री येतात. दुपारी वास सुटला की कुणीतरी ग्रामपंचायतीत ओरडतं, संध्याकाळी खड्डा पडतो आणि विषय संपतो. तो नर होता की मादी, किती लांबीचा, अंगावर जाळ्याचे वळ होते का, कुठेही लिहिलेलं नसतं.

महाराष्ट्राचा किनारा सातशेहून जास्त किलोमीटरचा. त्यावर वनखात्याचा कांदळवन कक्ष आहे, स्थानिक वनपाल-वनरक्षक आहेत, पण प्रत्येक पुळणीवर रोज सकाळी कोण चालतं? आपण चालतो. म्हणून हा धागा. कुणाला शास्त्रज्ञ व्हायचं नाहीये, पण पहिल्या तासात जे टिपता येतं ते नंतर कुणालाच टिपता येत नाही.

मी काय करतो ते सांगतो, चुकत असेल तिथे जाणत्यांनी टोका.

पहिला फोन वनखात्याला. 1926 हा ‘हॅलो फॉरेस्ट’चा क्रमांक आहे, शिवाय आपल्या वनरक्षकाचा नंबर फोनमध्ये असावाच. माणसं येईपर्यंत हात न लावता फोटो. सगळ्यात उपयोगी फोटो एका बाजूने पूर्ण अंगाचा, कॅमेरा आडवा, प्राण्याच्या मध्याशी काटकोनात. डोक्याकडून तिरका काढलेला फोटो फेसबुकवर झकास दिसतो, पण त्यावरून लांबी-रुंदीचा काही अंदाज येत नाही. मग डोकं, तोंड उघडं असेल तर दात, पाठीवरचा पर (फिन), शेपूट, पोटाकडची बाजू, आणि असेल ती प्रत्येक जखम. प्रत्येक फोटोत मापाला काहीतरी ठेवा. पट्टी नसेल तर चप्पल ठेवा, फक्त ती चप्पल घरी येऊन मोजा.

लांबी वरच्या जबड्याच्या टोकापासून शेपटीच्या मधल्या खाचेपर्यंत, सरळ रेषेत. लोक टेप पाठीवरून वळवत नेतात आणि पोट फुगलेला असला की फूटभर फुकटचा वाढतो. सोपी युक्ती: टोकाशी एक काठी वाळूत रोवा, खाचेशी दुसरी, आणि दोन काठ्यांमधलं अंतर मोजा. गवंड्याचा पाच मीटरचा टेप गाद्या-भुलग्याला पुरून उरतो.

नर-मादी पोटावरच्या चिरांवरून कळतं. नराला जननेंद्रियाची चीर आणि गुदद्वार यांच्यात चांगलं अंतर असतं. मादीला दोन्ही जवळजवळ एकाच रेषेत सलग, आणि दोन्ही बाजूंना स्तनांच्या छोट्या चिरा. कुजून काही दिसत नसेल तर ‘कळले नाही’ असं लिहा, अंदाज ठोकू नका. चिरेचा फोटो मात्र काढाच.

बाकी तारीख, वेळ, जागा. जागा म्हणजे ‘केळशीचा समुद्रकिनारा’ नव्हे, फोनमधले जीपीएसचे आकडे. आणि भरती होती की सुकती, वारा कुठला, तेही दोन शब्दांत.

---

आगाऊ_कार्टं

वाचनखूण साठवली. वासाचं काय करायचं तेही लिहा मास्तर.

---

खारवट

वाऱ्याच्या वरच्या अंगाला उभं राहायचं. दुसरा उपाय नाही.

---

रापणकर_तळाशील

मास्तरानु, लिवलास ता बरोबर, पण आमच्या बाजून पण आयका. गादो जाळ्याकडे इलो की आमचा काळीज धडधडता. बांगडो, तारलो खाऊक येता आणि जाळा फाडून जाता. एका राती हजारोंचा नुकसान. तरी पण कोण मुद्दाम मारीत नाय. आमच्याकडे म्हातारी माणसां गाद्याक हात लावूक देयनत नाय. गावलोच तर सोडतत.

पण मेलेलो गावलो तर? किनाऱ्याक आणलंय तर चार जण इचारतले, तुझ्या जाळ्यात मेलो काय? जबाब दी, सही कर, उद्या परत ये. उद्या माका होडी काढूची आसता. मगे लोक काय करतत, शेपूट कापून जाळा सोडवतत आणि थयच दर्यात सोडून देतत. तुमका किनाऱ्यावर शेपूट नसलेलो गादो गावता तो ह्यो. मी खरा ता सांगतंय, राग येऊ नये.

---

खारवट

राग कसला, दादा, हेच कुणी लिहीत नाही. तुमच्या प्रतिसादाला माझ्या अख्ख्या धाग्यापेक्षा जास्त वजन आहे.

जिवंत सापडलेल्याबाबत एक गोष्ट तळाशीलला सगळ्यांना सांगा. डिसेंबर 2018 पासून राज्य सरकारची योजना आहे. संरक्षित प्राणी जाळ्यात अडकला आणि जाळं कापून त्याला जिवंत सोडलं, तर जाळ्याच्या नुकसानीपोटी 25 हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. सोडतानाचा फोटो किंवा व्हिडिओ लागतो, आणि अर्जाला बोटीची कागदपत्रं. सगळ्यात जास्त कासवांसाठी घेतली जाते, पण डॉल्फिन आणि व्हेल शार्कलाही लागू आहे. दर्यात एकाने जाळं कापायचं आणि दुसऱ्याने मोबाईल धरायचा, एवढं ठरवून ठेवा.

मेलेल्याचं दुखणं मात्र तुम्ही म्हणता तसंच आहे. अजाणता जाळ्यात मेला आणि माणसाने स्वतःहून सांगितलं, तर त्याला चोरासारखं वागवू नये, हे खालच्या पातळीवर झिरपलेलं नाही. सांगणाऱ्याला दोनदा हेलपाटा पडला की तिसऱ्यांदा तो सांगत नाही. ज्या वनरक्षकाशी गाववाल्यांचं बोलणं-चालणं आहे तिथे खबर येते, जिथे नाही तिथे येत नाही. कायदा दोन्हीकडे तोच.

---

जुहूकर

जानेवारी 2016 मध्ये जुहूला लागलेला देवमासा मी पाहिलाय. पस्तीसेक फुटांचा होता, ब्रायडीचा व्हेल असं नंतर पेपरात आलं. तोबा गर्दी, पोलीस दोरी लावून उभे, आणि तरी लोक सेल्फीला आत. शेवटी तिथेच पुरला. त्याच महिन्यात तमिळनाडूत एकदम ऐंशी-एक लागले होते. दोन किनारे, एकच महिना. तेव्हा बिल्डिंगच्या ग्रुपवर नौदलाच्या सोनारपासून (पाण्यात आवाज सोडून शोध घेणारं यंत्र) भूकंपापर्यंत सगळं फिरत होतं. खरं काय?

---

सागरविद्या

जुहूकर, दोन्हींचा संबंध जोडायला काही आधार नाही. जुहूचा एकटा, बलीनवाला (दातांऐवजी तोंडात गाळणी असलेला), मेलेलाच आलेला. तमिळनाडूचे आखूड पराचे पायलट व्हेल, दात असलेले, आणि जिवंत आलेले. तुतीकोरिन जिल्ह्यात मणप्पाडच्या आसपास 11 जानेवारीपासून ते येऊ लागले. ऐंशीच्या वर होते, त्यातले 45 मेले. बाकीच्यांना मच्छीमारांनी बोटींनी ओढून खोल पाण्यात नेलं, काही परत परत येत होते.

याच भागात जानेवारी 1973 मध्ये 147 पायलट व्हेल लागले होते. म्हणजे 43 वर्षांच्या अंतराने तीच जात, तोच किनारा, तोच महिना. पायलट व्हेलचा कळप फार घट्ट असतो. एखादा आजारी किंवा वाट चुकलेला उथळात शिरला की बाकीचे त्याला सोडत नाहीत. उतरत्या, सपाट वाळूच्या किनाऱ्यावर त्यांच्या आवाजाचा प्रतिध्वनी नीट परत येत नाही असंही मानतात. त्या घटनेचं एकच कारण मात्र कुणी बोट ठेवून दाखवलेलं नाही.

सोनारचं म्हणाल तर ती अफवा नाही, पण सगळीकडे लावायचं औषधही नाही. बहामाजमध्ये 2000 साली आणि कॅनरी बेटांवर 2002 साली नौदलाच्या सरावानंतर जे लागले त्यांत मुख्यतः बीक्ड व्हेल होते. खोल बुडी मारणारी, सोनारला बिचकून भलतीच वागणारी जात. आपल्या किनाऱ्यावर वर्षभर जे मेलेले मिळतात ते बहुतेक गादे, म्हणजे हंपबॅक डॉल्फिन, आणि भुलगे, म्हणजे बिनपराचे पॉरपॉइज. दोघेही अगदी किनाऱ्यालगत, खाडीच्या तोंडाशी राहणारे. जिथे आपली जाळी, तिथेच त्यांचं घर. त्यामुळे पहिला संशय पाणबुडीवर घेण्याआधी जाळ्याच्या खुणा शोधाव्यात.

त्या खुणा अशा. जाळ्यात गुदमरलेल्याच्या चोचीभोवती आणि बाजूच्या परांच्या पुढच्या कडेला बारीक, सरळ, कधी एकमेकींना छेदणाऱ्या रेघा असतात, दोरा करकचून बांधल्यासारख्या. शेपूट किंवा पर साफ कापलेला असेल तर रापणकरदादांनी वर सांगितलंच आहे. बोटीच्या पंख्याने कापलेलं असेल तर जखमा समांतर, थोड्या वाकड्या, ठरावीक अंतरावर. कुत्र्यांनी खाल्लेलं फाटकं-तुटकं दिसतं, कडा सरळ नसतात. खेकडे-पक्षी आधी डोळे खातात, तेव्हा ‘डोळे काढले’ म्हणून नरबळी-छाप पोस्ट टाकू नका. आणि उन्हाने काळी कातडी सोलून आतलं पांढरं दिसतं, तो ‘दुर्मिळ पांढरा डॉल्फिन’ नसतो. दरवर्षी एकदा तरी ही बातमी होते.

कुजण्याची पातळी 1 ते 5 अशी लिहितात. 1 जिवंत, 2 ताजा मेलेला, 3 फुगलेला पण अवयव ओळखू येणारा, 4 पार कुजलेला, 5 नुसती हाडं किंवा वाळलेली कातडी. हा एक आकडा लिहिलात तर पुढे नोंद वाचणाऱ्याला शवविच्छेदन किंवा डीएनएच्या तुकड्यातून काय मिळेल ते लगेच कळतं.

---

शंकासुर

जाळ्यांवर सगळं ढकलणं सोपं आहे. राज्यात मासेमारीबंदी 1 जून ते 31 जुलै. तुम्हीच म्हणता पावसाळ्यात जास्त लागतात. बोटी बंद असताना जाळ्यात मेले कसे? गणित जमत नाही.

---

सागरविद्या

शंका रास्त आहे. तीन गोष्टी.

बंदी यांत्रिक बोटींना आहे. बिगरयांत्रिक होड्या आणि खाडीतली जाळी पावसाळ्यातही लागतात.

दुसरं, मेलेला डॉल्फिन सहसा आधी बुडतो, पोटात वायू धरला की वर येतो आणि मग वाऱ्या-लाटांच्या हवाली. हिवाळ्यात रात्री-पहाटे मतलईचा वारा जमिनीकडून दर्यात, तेव्हा वर आलेला प्राणी बाहेरच फिरत फिरत कुजून संपतो. पावसाळ्यात सगळा जोर किनाऱ्याकडे. म्हणजे जुलैत किनाऱ्यावर जास्त दिसले म्हणून जुलैत जास्त मेले असं होत नाही, आणि जानेवारीत दिसले नाहीत म्हणून जानेवारीत सगळे सुखरूप असंही नाही.

तिसरं, जाळी हे एकच कारण नाही. आजार, पिल्लांचं मरण, बोटीची धडक, म्हातारपण, सगळंच असतं. म्हणूनच खुणा लिहून ठेवायच्या. दहा वर्षांच्या नोंदींत ‘जाळ्याचे वळ: आहेत / नाहीत / कळत नाही’ एवढा एक रकाना जरी भरलेला असता, तरी तुम्हाला-मला असं वाद घालत बसावं लागलं नसतं.

---

शंकासुर

मतलईचं पटलं. बाकी बघू.

---

पशुवैद्य_अलिबाग

मेलेल्यावर बरंच झालं, जिवंतावर लिहितो, कारण तिथे लोकांचं प्रेम प्राण्याच्या जिवावर उठतं.

जून 2015 मध्ये आमच्या रेवदंड्याला ब्लू व्हेल जिवंत लागला होता. 42 फूट. गावकऱ्यांनी पाणी मारलं, दोर लावले, काही उपयोग झाला नाही. होणारही नव्हता. पाण्यात तरंगायला बनलेलं अंग वाळूवर टेकलं की स्वतःच्याच वजनाखाली फुप्फुसं आणि स्नायू चिरडायला लागतात. शिवाय चरबीचा जाड थर, त्यात ऊन. बाहेरून ओला दिसणारा प्राणी आतून उकडत असतो.

नोव्हेंबर 2023 चं गणपतीपुळ्याचं देवमाशाचं पिल्लू आठवत असेल. वनखातं, तटरक्षक दल, गावकरी, पर्यटक, सगळे चाळीसेक तास झटले, जेसीबी आले, बोटीने ओढून आत नेलं, टाळ्या पडल्या. पिल्लू परत आलं आणि गेलं. लोक मला विचारतात, काय चुकलं? राबणाऱ्यांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. दूध पिणारं पिल्लू आईवेगळं झालं की त्याला खोल पाण्यात नेऊन सोडलं काय आणि किनाऱ्यावर ठेवलं काय, दूध पाजणारं कोणी नाही. हे कडू आहे, पण बातमीत ‘जीवदान’ छापण्याआधी कुणीतरी सांगायला हवं होतं.

गादा किंवा भुलगा जिवंत लागला तर मात्र करण्यासारखं पुष्कळ आहे. तो कुशीवर पडलेला असेल तर हळूच पोटावर सरळ करा. बाजूच्या परांखाली वाळूत खड्डे खणा म्हणजे पर दुमडत नाहीत. ओली चादर, जुनं सुती लुगडं, पंचा, जे असेल ते अंगावर. डोक्यावरचं श्वासाचं भोक सोडून. पाणी ओततानाही त्या भोकात थेंब जाता कामा नये. माझ्या डोळ्यांदेखत माणसांनी ‘तहान लागली असेल’ म्हणून तिथेच बादली रिकामी केली आहे. शेपटीला दोर बांधून ओढू नका, मणके निखळतात. परांना धरून उचलू नका. जिवंत प्राण्याला जेसीबीचं बकेट लावू नका. सावली करा, आणि गोंगाट बंद करा. दोन-तीन माणसं जवळ, बाकीचे पन्नास पावलं लांब. गावात एखादा खणखणीत आवाजाचा माणूस असतोच, त्याला गर्दीवर नेमा.

श्वास मोजा. मिनिटाला किती, ते दर दहा मिनिटांनी लिहा. डॉक्टर येईल तेव्हा तेवढा कागद सोन्याचा.

आणि तोंड त्याच्या श्वासाच्या फवाऱ्यासमोर नेऊ नका. ब्रुसेलासारखे जंतू या प्राण्यांत असतात, माणसालाही लागतात. हातावर कापल्याची जखम असेल तर लांबच राहा. मेलेल्यालाही हातमोज्याशिवाय शिवू नये. फुगलेल्या मोठ्या देवमाशाच्या पोटावर चढून फोटो काढणाऱ्यांना माझा दंडवत. आतल्या वायूचा दाब असतो, फुटला तर अंघोळ कशाची होईल ते सांगत नाही.

---

निशा_नेल्सन

डॉक्टरसाहेब, अगदी मनातलं लिहिलंत. मी न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर, नेल्सनला असते. इथून फेअरवेल स्पिट जवळच. जगात सगळ्यात जास्त वेळा कळपाने व्हेल लागणाऱ्या जागांत त्याचं नाव घेतात. फेब्रुवारी 2017 मध्ये तिथे एका वेळी चारशेच्या वर पायलट व्हेल आले होते.

इथे प्रोजेक्ट जोनाह म्हणून संस्था आहे, 1974 पासूनची. एका दिवसाचं प्रशिक्षण देतात, फुगवलेला खोटा व्हेल वाळूवर ठेवून. मी केलंय. त्यातला निम्मा वेळ ‘काय करू नये’ यावरच जातो. व्हेलला पाण्यात लोटायची घाई अजिबात नाही. भरती येईपर्यंत थंड ठेवायचं, भरतीला सगळ्यांना एकत्र उभं धरायचं, त्यांचा तोल परत येऊ द्यायचा, आणि सगळे एकदम सोडायचे. एकेकटा सोडला की तो मागच्यांच्या आवाजाला परत येतो. निर्णय सरकारी संवर्धन खात्याचा, स्थानिक माओरी इवीला (तिथल्या मूळ रहिवाशांच्या जमातीला) विचारून. स्वयंसेवक त्यांचं ऐकतात. आणि ‘आता याला वाचवता येणार नाही, वेदना थांबवू’ हा निर्णयही तिथे उघडपणे घेतात. लोक रडतात, पण समजून घेतात. आपल्याकडे हे बोलायचीच चोरी.

---

पशुवैद्य_अलिबाग

चोरी आहे खरी. कायद्यात मात्र वाट आहे. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 च्या कलम 11 नुसार पहिल्या अनुसूचीतला प्राणी बरा न होण्याइतका जायबंदी किंवा आजारी असेल तर मुख्य वन्यजीव रक्षक त्याला मरण देण्याची लेखी परवानगी देऊ शकतो. पण ती परवानगी येईपर्यंत सहसा प्राणीच सुटतो. आणि चाळीस फुटी देवमाशाला शांतपणे मरण देण्याइतकं औषध आणि सुई कुठल्या तालुक्याच्या दवाखान्यात आहे? लहान डॉल्फिनपुरती तरी आधी ठरवलेली पद्धत जिल्ह्याला असावी. केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने जानेवारी 2021 मध्ये किनाऱ्याला लागणाऱ्या मोठ्या सागरी प्राण्यांसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत. कुणाला कळवायचं, कुणी काय करायचं, सगळं आहे त्यात. सरपंचांच्या टेबलावर त्याची मराठी दोन पानं असायला हवीत.

---

गोंयकार

गोव्यात एक गोष्ट बरी आहे. पुळणींवर दृष्टी मरीनचे जीवरक्षक असतात, त्यामुळे मेलेला डॉल्फिन बहुतेक वेळा त्यांच्याच नजरेला आधी पडतो आणि खबर वनखात्यापर्यंत जाते. म्हणजे रोज चालणारा, पगारी, फोन असलेला माणूस. महाराष्ट्रात पर्यटनाच्या किनाऱ्यांवर जीवरक्षक आहेत तिथे त्यांनाच हे शिकवलं तर?

अवांतर: डॉल्फिन दाखवणाऱ्या बोटी कळपाच्या मधून इंजिन फुल करून नेतात, त्यावर वेगळा धागा काढा. इथे लिहिलं तर भांडण होईल.

---

आगाऊ_कार्टं

मास्तर, देवमाशाची उलटी सापडली तर नोंद कुठे करायची? मित्रासाठी विचारतोय.

---

खारवट

मित्राला सांग, पोलीस ठाण्यात. ही ‘उलटी’, म्हणजे अंबरग्रीस, स्पर्म व्हेलच्या आतड्यात बनतं. गादा-भुलगा-ब्रायडीचा यांचं पोट फाडून काही मिळत नाही, आणि तरी लोक रात्री कोयते घेऊन जातात. जवळ बाळगणं, विकणं गुन्हा आहे. कोकणात या धंद्यात पकडलेल्यांच्या बातम्या वाचत नाहीस का? आणि पकडलेल्या मालात खोटा मालही निघतो, म्हणजे तुरुंगात जायचं तेही मेणासाठी.

हाडांचंही तेच. मणका उचलून दिवाणखान्यात ठेवायची हौस नको. सांगाडा बघायचा तर रत्नागिरीच्या मत्स्यसंग्रहालयात जा, मोठा देवमासा उभा केलाय. पोरांना दाखवा, त्या जबड्यापुढे गप्प उभी राहतात.

पुरण्यावरून आठवलं. पुरायचाच तर भरतीच्या रेषेच्या वर, विहिरींपासून लांब, आणि खोल. दोन फुटांच्या खड्ड्यातलं उधाणाला उघडं पडतं, मग कुत्री आहेतच. पुरल्या जागेचे जीपीएसचे आकडे लिहून ठेवा. वर्ष-दोन वर्षांनी कुणा कॉलेजला परवानगीने सांगाडा काढायचा असेल तर किनारा नांगरावा लागत नाही.

---

मधली_आळी

आज सकाळी आंजर्ल्याला एक लागलाय. फोटो इथे चढत नाहीयेत, वर्णन देतो. काळा कुळकुळीत, माझ्या छातीएवढा लांब, डोकं गोल, चोच नाही. पाठीवरचा पर कुणीतरी कापून नेलाय, पण जखम दिसत नाही, रक्त नाही. कुत्र्यांनी एका बाजूचं थोडं खाल्लंय. वनरक्षकांना फोन केला, दुपारी येतो म्हणाले. जाळ्याचं काम असेल का?

---

सागरविद्या

थांबा, पर कापलेला नसेल! भुलग्याला पाठीवर पर नसतोच. पाठीच्या मध्यावरून बोट फिरवून बघा (हातमोजा घालून), बारीक खरखरीत दाण्यांचा पट्टा लागतो का? आणि ओठ वर करून दात बघा. गाद्याचे दात टोकदार सुळ्यासारखे, भुलग्याचे चपटे, खुरप्याच्या पात्यासारखे. रंगावर जाऊ नका. जिवंतपणी राखाडी असतो, मेल्यावर काळा पडतो.

---

मधली_आळी

दाण्यांचा पट्टा आहे, चांगला रुंद. दात चपटेच, छोटे, एकमेकांना चिकटून. म्हणजे भुलगा. काठ्या रोवून मोजला, 1 मीटर 38 सेंटीमीटर. पोटाशी एकच लांब चीर, बाजूला दोन बारीक चिरा, म्हणजे मादी ना? उजव्या बाजूच्या पराच्या पुढच्या कडेला दोन रेघा आहेत, समांतर, दोऱ्याएवढ्या. डाव्या बाजूचा पर कुत्र्यांनी खाल्लेला, तिथलं सांगता येत नाही. फुगलेली नाही, डोळे गेलेत. पूर्ण ओहोटी होती, काल रात्री वारा जोरात.

---

सागरविद्या

मादीच. पातळी 2 लिहा, फार तर 2-3. रेघांचा जवळून फोटो, शेजारी पट्टी ठेवून, आणि उजेड बाजूने पडेल असा, म्हणजे खोलगटपणा दिसेल. पशुवैद्यांना सांगा की ताजी आहे, शवविच्छेदन होण्यासारखी. या जातीत पोटात पिल्लू होतं का, पोटात कुठले मासे होते, हे कळण्याची संधी क्वचित मिळते. तोवर ओल्या गोणपाटाखाली, सावलीत ठेवता आलं तर बघा.

---

रापणकर_तळाशील

दोन रेघा समांतर म्हणजे बारीक आसाचा, म्हणजे बारीक भोकांचा जाळा. आमच्याकडचा न्हय ता.

---

खारवट

दादा, तुमचं नाव कुणी घेतलं नाही :-)

मधली आळी, उत्तम काम. आता दोन गोष्टी. फोटो वनरक्षकांना व्हॉट्सॲपवर पाठवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. साधा फोटो म्हणून पाठवलात तर तो दाबला जातो आणि आत दडलेली वेळ-जागेची माहिती पुसली जाते. आणि हीच माहिती मरीनमॅमल्स डॉट इन या संकेतस्थळावरही भरा. भारतभरच्या समुद्री सस्तन प्राण्यांच्या नोंदी तिथे एकत्र ठेवतात, जुन्या छापील नोंदींसकट. तुमच्या भुलग्याची ओळ तिथे गेली की ती आंजर्ल्यापुरती राहत नाही.

---

मधली_आळी

पाठवले. डॉक्टर चारला येतायत. तोवर भरती चढेल आणि ही परत दर्यात जाईल की काय अशी भीती आहे. दोघातिघांनी मिळून वर ओढून ठेवू का?

---

पशुवैद्य_अलिबाग

आधी वनरक्षकांना फोन करून विचारा, ते हो म्हणाले तर ठेवा. ताडपत्री खाली सरकवून ताडपत्रीच ओढा, शेपूट नको. आणि शेपटीच्या बुंध्याला रंगीत नायलॉनची दोरी गाठ मारून ठेवा. गेलीच वाहून आणि आड्याला नाहीतर केळशीला लागली, तर तिकडचा माणूस दुसरी म्हणून मोजायचा नाही.

---

मधली_आळी

परवानगी मिळाली. दोरी बांधली, हिरवी. केळशीकर वाचत असाल तर लक्षात ठेवा.